लॉरा लिपमन: बाल्टिमोरची वार्ताहर, तिच्या गुन्हेकथा आणि तिचे लेखनवर्ग

वाचनवेडी (धागाकर्ती)

नोकरी सांभाळून लिहायचं कसं, हा प्रश्न इथे अधूनमधून निघतोच. तो निघाला की मला हटकून लॉरा लिपमन आठवते. हिने पहिल्या सात कादंबऱ्या वर्तमानपत्रात पूर्णवेळ नोकरी करताना लिहिल्या. पहाटे उठायचं, कामावर निघायच्या आधी लिखाण उरकायचं आणि मग दिवसभर बातम्यांमागे धावायचं. २००१ मध्ये तिने नोकरी सोडली, तेव्हा अमेरिकेतल्या गुन्हेकथांचा सगळ्यात मानाचा एडगर पुरस्कार तिला आधीच मिळालेला होता. तिची बरीच पुस्तकं मी नुकतीच सलग वाचली. मराठीत तिच्याबद्दल फारसं कोणी बोलताना दिसत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी ओळख. जन्म १९५९ चा, अटलांटाचा, पण वाढली मेरीलँडमध्ये. वडील थिओ लिपमन 'बाल्टिमोर सन'मध्ये अग्रलेख लिहायचे, आई ग्रंथपाल. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल स्कूलमध्ये पत्रकारिता शिकली, टेक्सासमध्ये वेको आणि सॅन अँटोनिओच्या वर्तमानपत्रांत उमेदवारी केली आणि १९८९ मध्ये बाल्टिमोरला परत आली, वडिलांच्याच 'सन'च्या सायंदैनिकात. 'इव्हनिंग सन' नावाचं ते सायंदैनिक १९९५ मध्ये बंद पडलं.

आता १९९७ मध्ये आलेली तिची पहिली कादंबरी 'बाल्टिमोर ब्लूज' उघडा. नायिका टेस मोनाहन, वय २९, बेकार. का, तर तिचं वर्तमानपत्र बंद पडलंय! शेजारची टेबलं रिकामी होताना जिने पाहिली तिलाच हे सुचणार. टेसकडे पैसा नाही, पोलिसात ओळखी बेताच्या. आहे ती वार्ताहराची सवय: माणसाला बोलतं करायचं, सरकारी कचेरीत जाऊन जुने कागद काढायचे, एकच गोष्ट चार जणांकडून वदवून घ्यायची आणि कोणाचं कुठे जुळत नाही ते बघायचं. तपास असा पायी पायी होतो. पुढच्याच 'चार्म सिटी'ला १९९८ चा एडगर मिळाला, थेट पेपरबॅकमध्ये निघालेल्या कादंबरीसाठीचा. ही सुरुवातीची पुस्तकं थेट पेपरबॅकातच यायची, हे मला फार मोलाचं वाटतं. कोणी गाजावाजा केला नव्हता, एकामागून एक पुस्तक येत गेलं आणि वाचक जमत गेले.

पण माझ्या मते खरी लिपमन दिसते ती टेसला बाजूला ठेवून लिहिलेल्या स्वतंत्र कादंबऱ्यांत. २००३ ची 'एव्हरी सीक्रेट थिंग' घ्या. अकरा वर्षांच्या दोन मुलींच्या हातून एका तान्ह्या बाळाचा जीव गेलाय. सात वर्षांनी त्या सुटून त्याच वस्तीत परत येतात. कोणी केलं हे पहिल्यापासून माहीत आहे, तरी पुस्तक हातातून सुटत नाही, कारण दोघींच्या आया, त्या बाळाची आई, तपास करणारी पोलीस अधिकारी या सगळ्या बायका आपापलं सत्य घट्ट धरून बसल्यात.

आणि मग २०१९ ची 'लेडी इन द लेक'. काळ १९६६. मॅडी श्वार्ट्झ ही सदतिशीची ज्यू गृहिणी नवरा आणि घर सोडून बाहेर पडते आणि धडपडत एका वर्तमानपत्रात शिरते. तिला काम काय मिळतं? वाचकांच्या तक्रारींचा स्तंभ चालवणाऱ्याच्या हाताखाली पत्रं उघडायचं. दिवा लागत नाही, खड्डा बुजवला नाही, असली पत्रं. त्यातच एक असतं: ड्रुइड हिल पार्कच्या तलावातल्या कारंज्याचे दिवे बंद आहेत. मॅडी ते नेहमीप्रमाणे महापालिकेकडे धाडते. दिवे बघायला माणूस जातो आणि कारंज्यात एका कृष्णवर्णीय तरुणीचं प्रेत सापडतं. मॅडीला वाटतं ही मोठी बातमी. ऑफिसात कोणाला काही वाटत नाही. त्याच वर्षी एका गोऱ्या शाळकरी मुलीच्या खुनावर रकानेच्या रकाने भरलेले असतात.

कोणाच्या मरणाला किती रकाने मिळतात, हा तिच्या सगळ्या लिखाणाचा कणा आहे असं मला वाटतं. हे तिला न्यूजरूममध्ये बसूनच कळलं असणार. तुम्हाला काय वाटतं? आणि इथे कोणी वार्ताहर असतील तर जरूर लिहा.

---

खिडकी

सुंदर ओळख, ताई. वाचनखूण साठवली. मी फक्त मालिका पाहिली आहे, २०२४ मध्ये ॲपल टीव्हीवर आलेली, नॅटली पोर्टमन आणि मोझेस इंग्रमची. मालिकेत त्या मेलेल्या बाईला, क्लिओला, मॅडीच्या बरोबरीने जागा आहे. तिची नोकरी, तिची मुलं, तिचं गाणं. पुस्तकातही तसंच आहे का?

---

वाचनवेडी

@खिडकी, पुस्तकात क्लिओ थोडं बोलते, पण जे बोलते ते थेट मॅडीला उद्देशून आणि रागाने. मी जिवंत असताना तुला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं, आता माझ्या मरणावर तू नाव कमावणार, असा तिचा सूर आहे. मालिकेने क्लिओचं आयुष्य बरंच वाढवलंय आणि ते मला आवडलं. पण पुस्तकाची मांडणी पडद्यावर आली नाही. पुस्तकात मॅडी ज्या ज्या माणसाला भेटते, तो माणूस पुढच्या प्रकरणात स्वतः बोलायला लागतो. दागिन्यांच्या दुकानातली विक्रेती, हॉटेलातली वेट्रेस, बेसबॉलचा खेळाडू. वायोलेट हिल व्हाइटसुद्धा येते, ती तर खरी व्यक्ती, १९३७ मध्ये बाल्टिमोर पोलिसात घेतलेली पहिली कृष्णवर्णीय अधिकारी. प्रत्येकाला तीन-चार पानं, आणि तेवढ्यात त्याचं सगळं आयुष्य. मॅडी मात्र त्यातलं काही न ऐकता पुढे गेलेली असते, तिला हवी ती माहिती घेऊन. वार्ताहर माणसांकडून काय घेतात आणि काय तिथेच टाकून देतात, हे इतक्या थेट दाखवलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

---

जुना_वार्ताहर

धाग्यात हाक मारलीत म्हणून लिहितो. मी मुंबईत एका सायंदैनिकात बरीच वर्षं क्राइमच्या बातम्या केल्या.

आमची सकाळ कंट्रोल रूमच्या फोनने सुरू व्हायची, मग एकेका पोलीस ठाण्याला फोन. ड्युटी ऑफिसरला विचारायचं, "साहेब, काय आहे?" पलीकडून उत्तर, "विशेष काही नाही, एक एडीआर आहे." एडीआर म्हणजे अपमृत्यूची नोंद. "बाई, अंदाजे तीस, ओळख पटलेली नाही." ते डेस्कवर सांगितलं की वरिष्ठ उपसंपादक मान वर न करता विचारायचे, "पत्ता कुठला?" बाई झोपडपट्टीतली निघाली तर आतल्या पानावर 'थोडक्यात'मध्ये चार ओळी. चांगल्या सोसायटीतली निघाली तर फोटोग्राफर घेऊन पळ. यात कोणी दुष्ट नव्हतं. अंक साडेदहाला सुटायचा, पान एकच होतं, आणि कोणाचं काय विकतं ते सगळ्यांना पाठ होतं. मीही तसंच काम केलं आणि मला ते तेव्हा खटकायचंही, पण खटकून करणार काय, दुसऱ्या दिवशी नवी एडीआर असायची.

लिपमनचं नाव मी आजच ऐकलं. पण कारंज्याच्या दिव्याचं पत्र वाचून मी उठून फेरी मारून आलो. कारण असंच होतं. मोठी बातमी कधीच मोठी म्हणून येत नाही. पाण्याच्या टाकीला वास येतोय, बंद खोलीचं भाडं थकलंय, अशा तक्रारीतून येते. हे ज्याने बीट, म्हणजे एका ठरावीक विषयाची रोजची बातमीदारी, केलं नाही त्याला सुचणं कठीण.

एक विचारतो. या बाईंनी गुन्हेगारीचं बीट केलं होतं का, की फीचर्स?

---

वाचनवेडी

@जुना_वार्ताहर काका, प्रतिसादाबद्दल मनापासून धन्यवाद. पोलीस बीट ही तिची ओळख नव्हती. गरिबी, सामाजिक योजना, मग फीचर्स अशी कामं तिने केली. 'सन'मध्ये पोलीस बीटवर गाजला तो डेव्हिड सायमन. त्याने बाल्टिमोर पोलिसांच्या खून तपास पथकाबरोबर वर्षभर राहून १९९१ मध्ये 'होमिसाइड' हे पुस्तक लिहिलं आणि पुढे 'द वायर' ही मालिका केली. नंतर दोघांचं लग्न झालं. पण दोघांच्या लिखाणात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सायमनला यंत्रणा दिसते: पोलीस, बंदर, शाळा, महापालिका. लिपमनचं लक्ष घरांकडे. पोलीस निघून गेल्यावर त्या घरात काय उरतं, हे ती बघते.

---

मेरीलँडकर

मी मेरीलँडमधल्या कोलंबिया गावात राहतो, म्हणून राहवलं नाही.

हे गावच मुळी कागदावर आखून वसवलेलं आहे. जेम्स राउस या बिल्डरने १९६७ मध्ये वसवलं, वर्णाचा भेद न करता सगळ्यांनी शेजारी राहावं या हेतूने. लिपमन इथल्या वाइल्ड लेक हायस्कूलची विद्यार्थिनी आणि २०१६ मध्ये तिने 'वाइल्ड लेक' याच नावाची कादंबरी लिहिली. इतक्या चांगल्या हेतूने वसवलेल्या गावातली भली माणसं स्वतःच्या मुलांसाठी काय काय झाकतात, याची ती गोष्ट आहे. इथे राहणाऱ्याला ती जरा टोचते, आणि टोचावी.

बाल्टिमोर न पाहिलेल्यांसाठी सांगतो. १९९० च्या दशकात या शहरात दरवर्षी तीनशेच्या वर खून व्हायचे, आणि वस्ती जेमतेम सात लाख. पुण्यात एवढे खून झाले तर काय होईल याचा विचार करा. लिपमन त्या काळात तिथे वार्ताहर होती. तरीही तिच्या पुस्तकांत शहर भकास वाटत नाही. संगमरवरी पायऱ्यांची, एकाला एक लागून असलेली घरं, फेल्स पॉइंटचे दगडी रस्ते, टेसच्या आत्याचं पुस्तकांचं दुकान, सगळं प्रेमाने येतं.

आणि हे गाव गुन्हेकथांचं माहेरघरच म्हणा. रहस्यकथांचा आद्य लेखक एडगर ॲलन पो १८४९ मध्ये इथेच वारला, वेस्टमिन्स्टरच्या कबरस्तानात त्याची कबर आहे. त्याच्या वाढदिवशी, १९ जानेवारीला, पहाटेच्या अंधारात कोणीतरी अनोळखी माणूस तीन गुलाब आणि कोन्याकची अर्धी बाटली ठेवून जायचा. कित्येक दशकं हे चाललं. लिपमनने 'इन अ स्ट्रेंज सिटी'त (२००१) यावर काय रचलंय बघा: एका वर्षी दोन माणसं येतात आणि त्यातला एक गोळी लागून पडतो.

गुन्हेकथालेखक डॅशिएल हॅमेट १९१५ मध्ये पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीत लागला तो इथल्याच कचेरीत. आणि जेम्स एम. केन, 'द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस'वाला, तोही या मातीतला. ॲनापोलिसला जन्म, बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रांत वार्ताहर, १९२२ मध्ये 'सन'साठी वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगारांचे खटले कव्हर केले, मग ॲनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजात पत्रकारिता शिकवली. वार्ताहर, शिक्षक, गुन्हेकथालेखक ही वाट त्याने शंभर वर्षांपूर्वीच चालून दाखवली होती. लिपमनची 'सनबर्न' (२०१८) ही केनलाच केलेला नमस्कार आहे. डेलावेअरमधलं आडगाव, १९९५ चा उन्हाळा, समुद्रावर नवऱ्याला आणि मुलीला सोडून निघून आलेली बाई, आणि तिच्या मागावर पाठवलेला पुरुष. केनच्या कथांत बाई पुरुषाला बुडवते. इथे बाईच्या डोक्यात काय हिशेब चालू आहे ते आपल्याला आतून दिसत राहतं, आणि तो हिशेब बिनचूक असतो.

---

केतकी_प

सगळे भरभरून लिहिताहेत, पण मला एक गोष्ट पटत नाही, ती मांडते.

'लेडी इन द लेक' दोन खऱ्या प्रकरणांवर बेतलेली आहे. दोन्ही १९६९ ची, बाल्टिमोरचीच. अकरा वर्षांच्या ज्यू मुलीचा खून आणि ड्रुइड हिलच्या कारंज्यात सापडलेलं कृष्णवर्णीय स्त्रीचं प्रेत. त्याआधीची 'व्हॉट द डेड नो' (२००७) सुद्धा तशीच. १९७५ मध्ये मेरीलँडच्या व्हीटनमधल्या मॉलमधून दोन लहान बहिणी नाहीशा झाल्या होत्या, तिथून ती सुचली. हे पुस्तक आलं तेव्हा त्या मुलींचं काय झालं हे घरच्यांना माहीत नव्हतं. दहा वर्षांनी, २०१७ मध्ये, एका माणसाने गुन्हा कबूल केला. म्हणजे आईवडील वाट बघत असताना त्याच धाग्यावर एक कादंबरी विकली जात होती, आणि त्या कादंबरीची सुरुवात काय, तर एक बाई येऊन सांगते की मी त्या बहिणींपैकी एक आहे! त्या आईने हे पुस्तक दुकानात पाहिलं असेल तर?

वार्ताहर म्हणून हाती लागलेलं दुसऱ्याचं दुःख कादंबरीत वापरायचा हक्क कोणी दिला? नावं बदलली की झालं का?

---

वाचनवेडी

@केतकी_प, हा प्रश्न मलाही वाचताना सतावत होता, बरं झालं तू काढलास.

माझं म्हणणं असं. 'व्हॉट द डेड नो'मध्ये तिने खऱ्या प्रकरणातून एवढंच घेतलं: मॉल, दोन बहिणी, ते वर्ष. मॉलसुद्धा दुसरा, सिक्युरिटी स्क्वेअर. कुटुंब संपूर्ण वेगळं आहे, गुन्हा वेगळा आहे. त्या पुस्तकातली आई मेक्सिकोत एकटी राहते आणि रोजचे व्यवहार करते. तीस वर्षं 'काय झालं असेल' हा प्रश्न घेऊन जगणं म्हणजे काय, हे त्या प्रकरणांत जसं उतरलंय तसं बातमीत कधीच येणार नाही. बातमी तिसऱ्या दिवशी थांबते, फार तर दरवर्षी त्या तारखेला एकदा परत येते.

शिवाय बघ, ती खुन्याला मोठं करत नाही. 'आय'ड नो यू एनीव्हेअर' (२०१०) वाच. पंधराव्या वर्षी पळवून नेलेली, जिवंत सुटलेली मुलगी आता चाळिशीकडे आलेली आई आहे. फाशीची वाट बघणाऱ्या त्या माणसाचं तिला पत्र येतं. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर तो माणूस नायक झाला असता. इथे प्रश्न एकच राहतो: त्याने बाकीच्यांना मारलं, मला का सोडलं? आणि ज्यांच्या मुली मेल्या त्यांना ही जिवंत राहिल्याचा राग का यावा?

---

केतकी_प

'आय'ड नो यू' बद्दल मान्य, ते पूर्ण कल्पित आहे आणि जबरदस्त आहे. 'व्हॉट द डेड नो' वर माझं मत कायम. कुटुंब वाट बघत असताना थांबायला हवं होतं.

---

जुना_वार्ताहर

केतकीताईंच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडून लिहितो.

वर्तमानपत्र काय करतं? आम्ही खरं नाव छापतो, पत्ता छापतो, बापाचा रडतानाचा फोटो छापतो. त्याला हक्क कोणी दिला, असं कोणी विचारत नाही, ती बातमी म्हणून चालते. कादंबरीत नाव नाही, पत्ता नाही, तरी जास्त लागतं, कारण कादंबरी मनात शिरते. म्हणून प्रश्न बरोबर आहे. पण तो फक्त कादंबरीकाराला विचारून चालणार नाही.

त्या कारंज्यातल्या बाईबद्दल मात्र माझं मत वेगळं. तिला तेव्हा शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी जागा दिली नाही. 'आफ्रो-अमेरिकन' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राने दिली, असं मी आज शोधून वाचलं. लिपमन तेव्हा दहा वर्षांची, त्याच शहरात. लहान मुलीचा खून सगळ्या शहराला माहीत, ही बाई तिला कितीतरी वर्षांनी न्यूजरूममध्ये आल्यावर कळली. अशा वेळी गप्प राहणं जास्त वाईट. कादंबरी तरी कोणीतरी लिहिली.

---

मेरीलँडकर

या चर्चेत एक गोष्ट नोंदवायला हवी. 'लेडी इन द लेक'ची अर्पणपत्रिका. २८ जून २०१८ रोजी ॲनापोलिसच्या 'कॅपिटल गॅझेट' वर्तमानपत्राच्या कचेरीत शिरून एका माणसाने पाच जणांना गोळ्या घालून मारलं. त्यातला रॉब हायासन हा लिपमनचा 'सन'मधला जुना सहकारी आणि मित्र. पुस्तक त्या पाचही जणांना नावानिशी अर्पण केलंय. आम्ही इथे ती बातमी दिवसभर टीव्हीवर बघत होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्राचा अंक नेहमीप्रमाणे निघाला होता. वार्ताहरांच्या आंधळेपणावर इतकं कठोर पुस्तक लिहून ते मेलेल्या वार्ताहरांना अर्पण करायचं, यात मला विसंगती वाटत नाही. तिला हा धंदा प्रिय आहे म्हणूनच तो सोलून दाखवते.

---

शब्दवर्ग_नाशिक

शिकवण्याबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मी इथे छोटासा कथालेखनाचा वर्ग चालवतो, शनिवारी संध्याकाळी.

लिपमनने बाल्टिमोरलगतच्या टॉवसनमधल्या गाउचर कॉलेजात लेखन शिकवलं. शिवाय फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला एकर्ड कॉलेज आहे, तिथे दर जानेवारीत 'रायटर्स इन पॅराडाइज' नावाचा आठ दिवसांचा लेखनवर्ग भरतो. डेनिस लेहेन आणि स्टर्लिंग वॉटसन या कादंबरीकारांनी तो सुरू केला आणि लिपमन तिथे वर्षानुवर्षं शिकवत आली. अशा वर्गांची अमेरिकेतली रीत अशी: प्रत्येकाची पानं आधीच सगळ्यांना वाटलेली असतात, चर्चा सुरू झाली की ज्याची कथा आहे त्याने तोंड उघडायचं नाही, बाकीच्यांनी बोलायचं. लिहिणाऱ्याला हे फार जड जातं. आपल्याकडे तर जास्तच, कारण आपल्याला कथा वाचून दाखवायची सवय, आणि वाचून झालं की "यात मला असं म्हणायचंय" सुरू होतं. मी नियम केला: खुलासा कथेत नसेल तर तो वर्गातही नाही. पहिल्या दोन-तीन शनिवारी काही जण रागावून गेले. जे राहिले ते लिहिते झाले.

'लेडी इन द लेक' वाचल्यावर मी एक अभ्यास द्यायला लागलो. वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी घ्यायची. खुन्याचं नाही, मेलेल्याचंही नाही, त्या दिवशी मेलेल्या माणसाशी ज्याचा मिनिटभर संबंध आला अशा तिसऱ्याच माणसाचं पान लिहायचं. आमच्यात एक एसटी कंडक्टर येतात. त्यांनी लिहिलं ते असं: धरणाजवळ एका बाईचं प्रेत सापडल्याची बातमी, पोलीस फोटो घेऊन डेपोत येतात. कंडक्टरला चेहरा आठवत नाही. एवढंच आठवतं, की तिने दीड तिकीट मागितलं होतं. बस. वर्ग एकदम बोलायला लागला, मूल कुठे आहे? कंडक्टर नियमाप्रमाणे गप्प.

सांगायचं एवढंच, की ही दृष्टी शिकवता येते. प्रतिभा शिकवता येत नाही, पण कोणाकडे बघायचं हे शिकवता येतं. आणि वार्ताहर राहिलेला शिक्षक ते जास्त चांगलं शिकवतो, कारण त्याला अडून बसायची चैन माहीत नसते. वर्तमानपत्रात कोणी "आज सुचत नाही" म्हटलं तर पान कोरं जात नाही.

---

अवलिया७१

वा! शेवटच्या प्रतिसादासाठी हा धागा वर ठेवायला हवा.

मी अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलो. हजारावर रहस्यकथा त्या माणसाने लिहिल्या, आणि आमच्या पिढीला वाचनाची गोडी त्यांनीच लावली, हे ऋण कधी विसरणार नाही. पण त्या कथांत मुंबई म्हणजे मोटारी, बंगले आणि पाठलाग. गिरणगावातली बाई का मेली आणि तिच्या मरणाची कोणाला पडली नाही, हे तिथे नव्हतं, ती त्या कथांची गरजही नव्हती. आता मात्र हवंय. आपल्याकडे इतके क्राइम रिपोर्टर झाले, त्यांच्या वह्यांत काय काय असेल! आठवणींची पुस्तकं येतात, पण त्यांत डॉन आणि एन्काउंटर. चार ओळीवाल्या बायका त्यातही नाहीत.

अवांतर: लिपमनने २००६ मध्ये 'बाल्टिमोर न्वार' (न्वार म्हणजे काळोख्या गुन्हेकथा) हा कथासंग्रह संपादित केला होता. त्याच प्रकाशनाच्या मालेत २०१२ मध्ये 'मुंबई न्वार' निघाला, अल्ताफ टायरवालांनी संपादित केलेला. एकेका वस्तीवर एकेक कथा, अशी दोन्हीची रचना. मराठीत असा संग्रह कोणी काढला तर मी पहिला गिऱ्हाईक. @जुना_वार्ताहर, तुम्ही लिहा की.

---

खिडकी

कुठून सुरुवात करू? टेसपासून क्रमाने, की थेट स्वतंत्र कादंबऱ्या? डोक्याला फार ताण नको, पण अगदी हलकंही नको.

---

वाचनवेडी

@खिडकी, टेसची पहिली दोन बेताची आहेत असं माझं स्पष्ट मत. 'बाल्टिमोर ब्लूज'मध्ये कथानक सैल पडतं, हात बसलेला नाही हे कळतं. 'बुचर्स हिल' (१९९८) पासून ती ठाम होते. तू 'सनबर्न'पासून सुरुवात कर असं मी म्हणेन. आटोपशीर आहे, एका बैठकीत होतं. मग 'आय'ड नो यू एनीव्हेअर'. 'लेडी इन द लेक' तिसरी, म्हणजे मालिकेतली चित्रं डोळ्यांसमोरून जरा पुसली जातील. तिचे लेख वाचायचे असतील तर २०२० चं 'माय लाइफ ॲज अ व्हिलनेस' आहे. वयाच्या ५१ व्या वर्षी आई होण्यावर त्यात तिने जे मोकळेपणाने लिहिलंय, ते कादंबऱ्या न वाचणाऱ्यांनीही वाचावं.

---

जुना_वार्ताहर

@अवलिया७१, वह्या आहेत. पण त्यातली माणसं खरी आहेत, काहींची मुलं आज कुठेतरी नोकरी करत असतील. केतकीताईंचा प्रश्न मला त्यामुळे बाजूला सारता येत नाही.

@शब्दवर्ग_नाशिक, तुमचा तिसऱ्या माणसाचा अभ्यास मला वाट दाखवतोय. खऱ्या बाईबद्दल लिहायचं नाही, त्या दिवशी ठाण्यात बसलेल्या अंमलदाराबद्दल लिहायचं. तो तर मला पुरता माहीत आहे, त्याच्या चहात किती साखर असायची तेही. बाहेरगावच्या माणसाला वर्गात घेता का? पानं मेलवर पाठवली तर चालतील?

---

शब्दवर्ग_नाशिक

@जुना_वार्ताहर काका, जरूर पाठवा, व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो. दोन हजार शब्दांच्या आत, आणि गुरुवारपर्यंत, म्हणजे सगळ्यांना शनिवारआधी वाचता येतं. चर्चा चालू असताना आपण फोनवर असाल, पण नियम तोच, बोलायचं नाही.

---

जुना_वार्ताहर

गुरुवार म्हणजे बुधवारी रात्री पोचतील. डेडलाइन पाळायची सवय अजून आहे.

---

केतकी_प

काका, लिहून झाल्यावर इथेही टाका. मी भांडायला येईनच. आणि 'लेडी इन द लेक' आजपासून पुन्हा वाचायला घेतेय, या वेळी फक्त क्लिओची प्रकरणं आधी सलग.